धातूंच्या वाटेने इंग्रजी

मराठी माध्यमातून दहावीला उत्तम गुण मिळवून विज्ञान शाखेत गेलेल्या मुलामुलींची पहिल्या सहामाहीत जी अवस्था होते, ती अनेक घरांनी पाहिली आहे. विषय कळतो, अडते ते शब्दांशी. सांगली जिल्ह्यातील एका घरातील मुलीचे असेच झाले. जीवशास्त्राच्या प्रत्येक पानावरचे दहा-बारा शब्द ती वहीत उतरवी, समोर मराठी अर्थ लिही, रात्री पाठ करी आणि आठवड्याने त्यांतील निम्मे विसरलेले असत. दिवाळीच्या सुट्टीत तिने विज्ञान सोडून कला शाखेकडे जाण्याची गोष्ट घरात काढली. कला शाखा कमी प्रतीची मुळीच नव्हे; पण ती आवडीने निवडावी, शब्दांना भिऊन नव्हे.

तिचे आजोबा, घरातले अण्णा, यांचे आयुष्य कापडाच्या दुकानात गेलेले. इंग्रजी बेताचेच; मात्र शाळेत शिकलेले संस्कृत अजून जिभेवर होते. नातीची वही चाळताना ते ‘मॅन्युस्क्रिप्ट’ या शब्दापाशी थांबले.

“हस्तलिखित, हे बरोबर लिहिलेस. पण बाळ, यात हात कुठे आणि लिहिणे कुठे?”

“तसे काही नसते, अण्णा. तो नुसता शब्द आहे,” ती म्हणाली.

शब्दकोश उघडला. लॅटिनमध्ये ‘मानुस’ म्हणजे हात आणि ‘स्क्रिबेरे’ म्हणजे लिहिणे. नुसता शब्द म्हणून सोडून दिलेला तो शब्द अक्षरशः हस्तलिखित निघाला.

संस्कृत शिकलेल्या माणसाला पुढचे सांगावे लागत नाही. एका ‘हृ’ धातूला निरनिराळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे दूरदूरचे अर्थ निघतात. लॅटिनमधील पाहण्याच्या धातूचेही तेच. आत पाहणे ते ‘इन्स्पेक्ट’, पुढे पाहणे ते ‘प्रॉस्पेक्ट’, खालून पाहणे ते ‘सस्पेक्ट’, आणि पुन्हा वळून पाहणे ते ‘रिस्पेक्ट’. आदर म्हणजे ज्याच्याकडे वळून पाहावेसे वाटते तो, ही कल्पना त्या घरात सर्वांनाच आवडली. हेर या अर्थाचा संस्कृत ‘स्पश’ शब्दही याच कुळातला. दन्त आणि ‘डेन्टिस्ट’, पद आणि ‘पेडल’, नौ आणि ‘नेव्ही’ ही नाती योगायोगाची नाहीत. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, असे विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडले होते. इंग्रजी स्वतः लॅटिनची कन्या नव्हे. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचच्या हाताने आणि पुढे विद्वानांच्या लेखणीने हे शब्द तिच्या घरी आले. म्हणूनच बोलण्यातले साधे शब्द वेगळे आणि पुस्तकातले वेगळे.

वहीची रचना बदलली. शब्दांच्या उभ्या यादीऐवजी एका पानावर एक धातू आणि त्याचा परिवार. ‘कार्नी’ मांस, ‘हर्बी’ वनस्पती, ‘ऑम्नी’ सर्व, ‘व्होर’ गिळणारा, इतके कळल्यावर प्राण्यांच्या आहारावरचा अर्धा धडा आपोआप उलगडला. नॉर्मन लुईस यांचे 1949 चे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे पुस्तक याच वाटेने जाते. तेही घरात आले.

ही वाट निर्धोक आहे असे मात्र समजू नये. ‘पेडेस्ट्रियन’ म्हणजे पायी चालणारा, तेव्हा ‘पीडिअॅट्रिशन’ म्हणजे पायांचा डॉक्टर असणार, असे मुलीने बेधडक लिहून टाकले. तो शब्द ग्रीक, आणि तेथे ‘पाइस’ म्हणजे मूल. ‘इन’ कधी नकार दाखवतो, कधी आत. ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे असे मानून कोणी त्या डब्याजवळ काडी ओढली तर अनर्थच. धातूवरून अंदाज बांधावा, पण कोशात पाहिल्यावाचून तो पक्का करू नये, असा नियम अण्णांनी घालून दिला.

सर्वांत अधिक वेळ गेला तो ‘इनोसंट’ या शब्दावर. मुलीने अर्थ लिहिला होता : निष्पाप, भोळा. मुळाशी लॅटिन ‘नोकेरे’, म्हणजे इजा करणे. त्यापूर्वी नकाराचा ‘इन’. जो इजा करत नाही तो! अण्णांनी चष्मा काढला. आपल्या घरात लहानपणापासून कानांवर पडलेली अहिंसा या परक्या शब्दात इतक्या जवळ असेल, असे त्यांना वाटले नव्हते. भोळेपणा ही माणसाची प्रकृती झाली, इजा न करणे हे त्याचे वर्तन. मूळ अर्थाने हा शब्द वर्तनाचा होता, असे ते बराच वेळ नातीला समजावत राहिले.

शाखा बदलण्याची गोष्ट त्यानंतर निघाली नाही. त्या पानावर मुलीने पुढे ‘नॉक्शस’ लिहिला, मग ‘इनॉक्युअस’. काही दिवसांनी ‘न्यूसन्स’ हा शब्दही फ्रेंचमार्गे त्याच धातूपासून आल्याचे तिने शोधून काढले. ते ऐकून अण्णांनी गल्लीतल्या रात्रीच्या ध्वनिक्षेपकाकडे बोट दाखवले आणि तो शब्द तिला आणखी ठळक लिहायला लावला.