बांधावरचं गाजर गवत

सासऱ्यांचा, म्हणजे आमच्या आप्पांचा त्रास सुरू झाला तो पापण्यांपासून. पाऊस लागला की डोळे सुजायचे, मग मान लाल व्हायची, मग कोपराची आणि गुडघ्यामागची लवण खाजून ओली व्हायची. रात्री ते झोपेत खाजवायचे आणि सकाळी उशीवर रक्ताचे ठिपके दिसायचे. कुणी म्हणालं उष्णता, कुणी वांगी बंद केली, कुणी पित्तावरचा काढा आणून दिला. तालुक्याच्या मेडिकलमधून ट्यूब यायची. ती लावली की आठवडाभर आराम पडायचा आणि सोडली की दुप्पट जोर. चिठ्ठीशिवाय हातात ठेवलेल्या त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्याचा राग मला अजून आहे. खेड्यातल्या माणसाच्या कातडीचा आजार ट्यूबवर भागतो, असं जणू सगळ्यांनी ठरवूनच टाकलं आहे.

तोवर आप्पांच्या मानेची कातडी जू घासून राठ झालेल्या बैलाच्या मानेसारखी झाली होती.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना आधी सदरा काढायला लावला. पाठ, पोट, छाती स्वच्छ. त्रास होता तो उघड्या भागांवर आणि घाम साचतो त्या लवणांत. बाईंनी ते पाहिलं आणि औषधाचं नावही न काढता विचारलं, "काका, बांधावर काँग्रेस गवत आहे का?" आप्पा म्हणाले, "बांधावर आहे, ओढ्याला आहे, शाळेमागं आहे. कुठं नाही ते सांगा." पाठीवर तपासणीच्या पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवसांनी त्या काढल्या, तेव्हा त्याच काँग्रेस गवताच्या, म्हणजे गाजर गवताच्या, अर्काखालची कातडी लाल होऊन फुगली होती.

या गवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. ते पानांवरच्या बारीक लवेतही असतं, आणि ती लव सुकून वाऱ्यावर उडते. म्हणून गवताला हात न लावणाऱ्या माणसालाही चट्टे उठतात. वाळलेल्या ढिगाऱ्याची धूळसुद्धा पुरते. शिवाय ही ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. वर्षानुवर्षं त्याच गवतात वावरलेल्या शेतकऱ्याला ती पन्नाशीत गाठते आणि मग सहसा सोडत नाही. "आजवर कधी झालं नाही, आत्ताच कसं?" हा आप्पांचा प्रश्न रास्त होता. उत्तर असं की त्या सगळ्या वर्षांतच ते घडत होतं.

गवत मूळचं अमेरिकेतलं, मेक्सिकोच्या आखाताभोवतालचं. पुण्यात १९५०च्या दशकात ते नजरेत भरू लागलं. मदतीच्या गव्हातून बी आलं, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. कसंही आलेलं असो, एका जोमदार झाडाला पंधरा-वीस हजार बिया धरतात आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात त्याला फुलं येतात. जनावरं ते सहसा खात नाहीत, आणि खाल्लं तर दूध कडू लागतं.

गोळ्या सुरू झाल्या. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या, म्हणून दर काही दिवसांनी रक्त तपासायचं. पण डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की गवत तसंच राहिलं तर गोळी कितीही घ्या, त्रास परत येणार. आप्पांची बाज अंगणातून आत आली. शेतातून आल्यावर आंघोळ आणि कपडे लगेच पाण्यात. घरात शेवंती आणायची नाही, कारण ती याच कुळातली आणि आप्पांच्या कातडीला दोन्ही सारखीच. त्यांना शेवंतीचा वास फार आवडायचा. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

बांधाचं काम मी अंगावर घेतलं. विळ्याने कापलं तर ते बुडापासून पुन्हा फुटतं, म्हणून मुळासकट उपटावं लागतं. तेही पहिल्या पावसानंतर, जमीन ओली असताना आणि फुलं यायच्या आत. फुलं आल्यावर उपटणं म्हणजे धूळ आणि बी दोन्ही आपल्याच अंगावर घेणं. उपटलेलं कोवळं गवत खड्ड्यात कुजवलं तर खत होतं. रिकाम्या जागी आम्ही टाकळा फेकला. त्याने चांगली जागा धरली, आणि पावसाळ्यात त्याची कोवळी पानं भाजीलाही आली. पिवळसर पाठीवर काळसर रेघा असलेले भुंगेरेही आणून सोडले. हे मेक्सिकोतले. भारतात १९८३ मध्ये बंगळुरूला आणले गेले आणि पुढच्या वर्षी शेतात सोडले गेले. ते पानांची चाळण करतात. पण पाऊस ओढला की जमिनीत शिरून बसतात, त्यामुळे फक्त त्यांच्या भरवशावर राहता येत नाही.

आपला बांध साफ केला तरी शेजारच्या पडीक रानातून वारा येतोच. म्हणून ग्रामसभेत बोलले. गाव दरवर्षी पंधरा ऑगस्टच्या आधी गवत काढतं, तेव्हा ते पांढरंशुभ्र फुललेलं असतं. काढायला बायका येतात, उघड्या हातांनी, पदर तोंडाला बांधून. त्यांच्यातल्या एकीच्या मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ मी स्वतः पाहिलं. ती म्हणाली, "घामोळं आहे, वहिनी." मला ते घामोळं वाटलं नाही. गवत काढायचं तर जुलैच्या सुरुवातीला, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मास्क देऊनच काढा, असं मी सांगितलं. जुलै मान्य झाला. हातमोज्यांचा खर्च पंचायतीने करायचा का, यावर सदस्य अजून कबूल होत नाहीत.

आमच्या बांधावर येणाऱ्या बायकांना मोजे आम्हीच देतो. घामाने हात भिजतात, खुरपं निसटतं, त्यांची तक्रार खरी आहे. म्हणून सकाळी लवकर सुरू करतो आणि ऊन चढायच्या आत थांबतो, मजुरी मात्र पूर्ण दिवसाची. ज्या बाईच्या हातावर पुरळ आहे तिला गवताकडे पाठवत नाही. तिला त्याच मजुरीवर गोठ्यातलं नाहीतर कांद्याचं काम देते. तिच्यासाठी सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंची येत्या सोमवारची वेळ घेतली आहे.