कागदावरचा तीस फुटी रस्ता

आमच्या पलंगाखालच्या लोखंडी पेटीत एक नकाशा आहे. घड्यांवर फाटलेला, निळ्या शाईत छापलेला. त्यात चौसष्ट प्लॉट आहेत, मधोमध तीस फुटी रस्ता आहे, एका कोपऱ्यात बगिच्याची जागा आहे. तो रस्ता आम्ही आजवर पाहिलेला नाही. बगिच्याच्या जागेवर पावसाळ्यात पाणी साचते आणि उन्हाळ्यात म्हशी बसतात. त्या चौसष्टपैकी एका प्लॉटवर आमचे घर आहे आणि बारा वर्षांपासून आम्ही त्यात राहतो.

भंडाऱ्यात किंवा आसपास जागा घेण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक घरासाठी आम्ही हे लिहीत आहोत. आमची चूक आमच्यापाशीच थांबावी, एवढाच हेतू.

त्याआधी आम्ही जुन्या मोहल्ल्यात राहत होतो. तीन खोल्या आणि अकरा माणसे. मशीद दोन मिनिटांवर, मुलांची शाळा गल्लीच्या टोकाला, सकाळी नळ येई आणि दारापुढून नाली वाहत असे. या गोष्टींचे आम्हाला कधी अप्रूप वाटले नाही. डोक्यात एकच विषय होता, जागा पुरत नाही. धाकट्या भावाचे लग्न ठरले तेव्हा अब्बांनी सर्वांना बसवून सांगितले, "भांडण होऊन वेगळे होण्यापेक्षा हसतखेळत वेगळे व्हा." त्यांनी थोडी रक्कम दिली, थोडे दागिने मोडले आणि आम्ही प्लॉट शोधू लागलो.

शोध सोपा नव्हता. शहरातल्या एका चांगल्या लेआऊटमध्ये आमचे नाव ऐकल्यावर "तो प्लॉट कालच गेला" असे उत्तर मिळाले. तोच प्लॉट पुढे महिनाभर रिकामा होता. दुसऱ्या ठिकाणी दर झेपत नव्हता. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही, हे आमच्या घरात आधीच ठरलेले. अशा वेळी एका ओळखीच्या माणसाने शहराच्या हद्दीबाहेरचे एक शेत दाखवले. दीड हजार चौरस फूट, शहरातल्या दराच्या निम्म्याहून कमी आणि तेही बिनव्याजी किस्तीवर. आसपास आपलेच लोक जागा घेत होते, मशिदीचीही जागा सोडू असे विकणारा म्हणाला. शिवाय, "दोन-तीन वर्षांत हद्दवाढ होणार, मग रस्ता, नळ, नाली सगळे आपोआप येणार."

त्याच सुमारास आमच्या आपांनी आणि दूल्हेभाईंनी नगर परिषदेच्या हद्दीत, मंजूर लेआऊटमध्ये आठशे चौरस फूट घेतले. तेही व्याजाशिवाय, म्हणून दोन वर्षे थांबून. आम्ही त्यांना हसलो होतो. "आठशे फुटांत तर आमचे अंगण होईल," असे आम्ही म्हटल्याचे आजही आठवते.

आम्हाला खरेदीखत मिळाले नाही. मिळाला तो मुद्रांकावरचा करारनामा, नोटरीच्या शिक्क्यासह. शेतजमिनीचे असे छोटे तुकडे विकण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने निर्बंध आहेत, हे आम्हाला ठाऊक नव्हते. घर बांधले, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नोंद झाली, कराची पावती आली, विजेचे मीटर लागले. आम्हाला वाटले, सरकारनेच आपले घर मानले. पुढे कळले की नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. तिच्यावरून मालकी सिद्ध होत नाही आणि कर भरला म्हणून बांधकाम मंजूर ठरत नाही.

पहिल्या पावसाळ्यातच हिशेब सुरू झाला. नळ नाही म्हणून बोअर मारली. नाली नाही म्हणून शोषखड्डा खणला, तो आषाढात भरून अंगणात आला. रस्त्यासाठी दरवर्षी वर्गणी काढून मुरूम टाकतो, दरवर्षी तो वाहून जातो. शाळेची ऑटो पक्क्या सडकेवर थांबते. आमची मुलगी चार वर्षे हातात बूट घेऊन तिथपर्यंत चिखलातून गेली आणि सडकेवर पाय धुऊन बूट घालत राहिली.

एका जुलैच्या रात्री अम्मींना दम लागला. रुग्णवाहिका वेळेवर आली, पण सडकेवरच उभी राहिली, चाके रुतली असती. आम्ही आणि तीन शेजाऱ्यांनी अम्मींना खाटेवर घालून गुडघाभर चिखलातून नेले. अल्लाहच्या कृपेने त्या वाचल्या. बऱ्या झाल्यावर धाकट्या भावाकडे, मोहल्ल्यातल्या घरी गेल्या आणि नंतर आमच्याकडे राहायला आल्या नाहीत. रागावल्या नव्हत्या. "बेटा, तुमच्या घरी यायला भीती वाटते," एवढेच म्हणाल्या. ज्या घरात आई राहू शकत नाही ते घर स्वस्त कसे, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहे.

मग ऑगस्ट २०२० चा अखेरचा आठवडा आला. मध्य प्रदेशातला पाऊस आणि संजय सरोवराचे सोडलेले पाणी यांमुळे वैनगंगेला महापूर आला. भंडारा शहराच्या अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. आमच्याजवळचा नाला उलटा फुगला आणि पाणी उंबरठ्यापर्यंत आले. दोन रात्री आम्ही सामान पलंगावर रचून छतावर काढल्या.

पूर ओसरल्यावर आम्ही पहिल्यांदा नगर रचनेच्या कार्यालयात गेलो. तिथे कळले की नदीकाठच्या शहरांसाठी पाटबंधारे खाते नकाशावर दोन रेषा आखते. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधल्या पट्ट्यात नवे बांधकाम निषिद्ध, निळी आणि लाल यांमधल्या पट्ट्यात ते अटींवर. आमच्या गट क्रमांकासाठी झोन दाखला मागितला. त्यावर लिहून आले, शेती विभाग. खिडकीवरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "लोक घर बांधून झाल्यावर विचारायला येतात. आधी कोणी येत नाही."

त्या दिवशी आम्हाला सेवा आणि नकाशा यांचे नाते समजले. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ प्रमाणे शहराची विकास योजना तयार होते आणि साधारण २० वर्षांनी तिची सुधारणा होते. निवासी, व्यापारी, औद्योगिक, शेती असे विभाग त्यात पडतात. रस्ते, शाळा, दवाखाना, बगिचा यांसाठी जागा राखून ठेवल्या जातात. नगर परिषदेची जलवाहिनी, नाली आणि डांबर त्याच आराखड्याच्या मागे जातात. मंजूर लेआऊटमध्ये मालकाला रस्ते सोडावे लागतात आणि साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. आपांच्या प्लॉटचा दर जास्त होता तो म्हणूनच. त्यात रस्त्याची आणि नालीची किंमत आधीच धरलेली होती. आमच्या दरात ती नव्हती. विकणाऱ्याने तीस फूट फक्त कागदावर सोडले होते आणि कागदावरच्या रस्त्याला कोणी डांबर घालत नाही.

हद्दवाढ झाली तरी हा प्रश्न मिटत नाही. हद्द बदलली म्हणून झोन आपोआप बदलत नाही आणि रस्त्याची जमीन रीतसर ताब्यात आल्याशिवाय तिथे रस्ता होत नाही. आपल्या जिल्ह्यातील लोकांना गोसीखुर्द धरण माहीत आहे. त्याच्या बुडीत गावांतल्या लोकांनी नव्या गावठाणात १८ नागरी सुविधा मिळाव्यात म्हणून वर्षानुवर्षे आंदोलने केली. रस्ता, नाली, पाणी, शाळा, एकेक मोजून मागितली. ज्यांची गावे बळजबरीने हलवली गेली त्यांनी अठरा सुविधा मोजल्या आणि आम्ही, जे आपल्या मर्जीने हललो, त्यांनी एकही मोजली नाही.

असे का झाले, यावर आम्ही दोघांनी पुष्कळ विचार केला. एक कारण सापडले, ते आपल्या घरांसाठी महत्त्वाचे आहे. जो बँकेचे कर्ज घेतो त्याच्या प्लॉटचे कागद बँकेचा वकील तपासतो. सात-बारा, अकृषक परवानगी, मंजूर नकाशा, मागच्या तीस वर्षांचे व्यवहार, सगळे पाहतो. कागद कच्चे असले तर कर्ज मिळत नाही आणि माणूस नकळत वाचतो. आपण व्याज टाळतो, ते योग्यच आहे. पण त्याबरोबर तो वकीलही टळतो, हे आपल्या लक्षात येत नाही. कच्चे प्लॉट विकणाऱ्याच्या मात्र ते पक्के लक्षात असते. म्हणून 'बिनव्याजी किस्त' हे त्याचे पहिले वाक्य असते. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, ही शिकवण आपल्याला कुराणातच आहे. आम्ही लिहून घेतले, पण काय लिहिले आहे ते जाणकाराला दाखवले नाही. जो बँकेकडे जात नाही त्याने वकिलाची फी स्वतःच्या खिशातून भरावी. ती एका किस्तीपेक्षा कमी असते.

आता मुलगी मोठी झाली आहे. घर विकून शहरात लहान जागा घ्यावी म्हटले तर गिऱ्हाईक येते, कागद पाहते आणि चहा पिऊन जाते. उद्या आमच्या माघारी मुलांचे हिस्से व्हायचे, मुलीचा हक्क तिला मिळायचा, तर जागा आधी आमच्या नावावर कायद्याने असायला हवी. २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. पूर्वी तो १ जानेवारी २००१ पर्यंतच्या वस्त्यांसाठी होता, २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. शुल्क भरून काही घरे त्यात नियमित होतात. आमचे होईल का, ते अजून ठरायचे आहे. फाइल हिंडते आहे, तिच्यामागे आम्हीही.

गेल्या श्रावणात आपांचा मुलगा आला. त्यालाही प्लॉट घ्यायचा होता. आम्ही त्याला सांगितले, आधी गट क्रमांकाचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढ. पूररेषा आणि आरक्षण विचार. लेआऊटचा मंजुरी आदेश माग, त्याची प्रत कार्यालयात ताडून पाहा. सात-बारा किंवा आखीव पत्रिका ताजी घे. आणि जागा उन्हाळ्यात पाहू नकोस, पाऊस पडत असताना पाहा.

तो आम्हाला सोबत घेऊन गेला. रिमझिम पाऊस होता. प्लॉट लहान होता.

"मामू, फक्त नऊशे फूट?" तो म्हणाला.

"प्लॉट नंतर," आम्ही म्हटले. "आधी रस्ता मोज."

त्याने टेप काढला. एक टोक आम्ही धरले, दुसरे घेऊन तो नालीच्या कडेपर्यंत गेला. नऊ मीटर भरले, म्हणजे तीस फुटांना थोडे कमी. पाणी कडेच्या नालीतून वाहत होते आणि मधून एक रिक्षा शाळेच्या मुलांना घेऊन गेली. आमच्या पेटीतल्या नकाशात असलेला रस्ता एवढा रुंद असतो, हे आम्ही तिथे उभे राहून पाहिले.