ओरखडे पडले

"सर, टबाला थोडे ओरखडे पडलेत," असे ठेकेदाराने फोनवर सांगितले, तेव्हा मी वर्गात प्रयोग शिकवून नुकताच बाहेर आलो होतो. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. पाऊस पडतो, अंधार पडतो, तसेच ओरखडेही पडले होते. पाडणारा कोणी नव्हता.

टब ही आमच्या घरातली चैन, असे शेजाऱ्यांना वाटते. पत्नीला संधिवात आहे. सकाळी तिची बोटे आखडलेली असतात आणि कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसले की मग तिचा दिवस सुरू होतो. इतकी वर्षे ती बादलीत आळीपाळीने हात-पाय बुडवून बसत असे. माझ्या लहानपणी न्हाणीघरात तांब्याचा बंब आणि शेजारी घंगाळ होते. अंघोळ म्हणजे अंगावर पाणी घेणे, पाण्यात बसणे नव्हे. त्यामुळे हा निर्णय घ्यायला मला फार उशीर लागला, हेही इथेच कबूल करतो.

संध्याकाळी घरी येऊन पाहिले. टबाच्या तळाशी बारीक चऱ्यांचे जाळे उमटले होते. काठावर हरभऱ्याच्या डाळीएवढा टवका उडाला होता. एका बाजूला तळहाताएवढा धुरकट डाग होता. भिंतीच्या टाइल्स बसवणारा मुलगा टबातच उभा राहून काम करत होता. चपलांखालच्या रेतीने चरे उमटले, हातातून सुटलेल्या टाइलने टवका काढला. रंगाचे शिंतोडे त्याने थिनरने पुसले होते. थिनरने ॲक्रिलिकचा पृष्ठभाग विरघळतो आणि त्यात सूक्ष्म तडे जातात, हे त्याला कोणी सांगितले असण्याचे कारण नव्हते. मलाही ते त्या दिवशीच कळले.

मी तक्रारीचे पत्र लिहायला बसलो. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 सालचे. त्यातली प्रयोगांची चर्चा मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना समजावत आलो आहे. म्हणून पत्रात कर्ता लपू द्यायचा नाही, असा माझा निश्चय होता. 'आपल्या कामगाराने निष्काळजीपणाने टब खराब केला.' वाक्य ठणठणीत झाले. ठेकेदाराला फोनवर वाचूनही दाखवले. तो म्हणाला, "काळजी करू नका, सर. त्याच्या मजुरीतून कापून घेतो."

पत्नीने पत्र वाचले आणि विचारले, "अहो, टबावरचा तो प्लास्टिकचा कागद कोणी काढला होता, ते लिहिलंत का?"

नव्या टबावर कारखान्यातच एक पातळ आवरण चिकटवलेले असते. सगळे काम संपेपर्यंत ते काढायचे नसते. टब बसला त्याच संध्याकाळी, तिला त्याची चकाकी दाखवावी म्हणून, मी ते सोलून काढले होते. मोठ्या हौसेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि दसऱ्याच्या आत सगळे उरका, असा तगादाही माझाच होता. ठेकेदाराला हे सांगायला मला दोन दिवस लागले. मजुरी कापायची नाही आणि दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा, असे ठरले. तो जरा नाराजच दिसला. कर्ता एकच असलेला त्यालाही सोयीचा होता.

दुरुस्तीला आलेल्या कारागिराबरोबर तो मुलगाही आला. दारातच म्हणाला, "सर, माझ्या हातून झालं." पडले नाही, पाडलेही नाही. हात माझा होता, मनात तसे नव्हते, एवढे सगळे त्या 'हातून'मध्ये होते. मी त्यावर काहीतरी बोलायला हवे होते. चहा विचारला.

टब ॲक्रिलिकचा होता म्हणून बरे. बिडाच्या टबावरचे एनॅमल म्हणजे भट्टीत लोखंडावर वितळवून बसवलेली काच. तिचा टवका गेला तर घरी भट्टी पेटवता येत नाही, वरून लांबी भरून रंग द्यावा लागतो. ॲक्रिलिकच्या पत्र्याचा रंग मात्र आतपर्यंत तोच असतो, त्यामुळे उथळ चरे घासून काढता येतात. कारागिराने आधी 600 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवला, मग 800, 1200, 2000. प्रत्येक कागद आधीच्या कागदाचे ओरखडे पुसतो आणि स्वतःचे अधिक बारीक ओरखडे मागे ठेवतो. शेवटी रबिंग कंपाउंड. धुरकट डाग जवळजवळ गेला. टवक्यात रेझिन भरताना पांढऱ्याला पांढरा जुळवण्यातच अर्धा तास गेला. उजेड तिरका पडला की ती जागा अजून ओळखू येते.

टब आणि भिंत यांच्यातल्या सांध्यात पांढरा सिमेंट भरला होता. तो आधीच तडकला होता. कारागिराने तो खरवडून काढला आणि मुलाला टब काठोकाठ भरायला सांगितले. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो वजन. त्याने टब किंचित खाली बसतो आणि सांधा उघडतो. त्या उघडलेल्या सांध्यात सिलिकॉन भरायचे आणि ते सुकेपर्यंत पाणी सोडायचे नाही. शेवटची रेघ मुलाने मारली, ओल्या बोटाने, श्वास रोखून.

रात्रभर टब तसाच भरलेला होता. पहाटे दिवा दिसला म्हणून मी उठलो. पत्नी स्टुलावर बसून दोन्ही हात मनगटापर्यंत त्या गार पाण्यात बुडवून पाहत होती. "अजून सोळा तास," ती म्हणाली.