शंखजिऱ्याच्या संगतीत

शिल्पकलेची चर्चा आपल्याकडे निघाली की ती सह्याद्रीच्या काळ्या पाषाणापाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. वेरूळच्या कैलासाने आणि घारापुरीच्या त्रिमूर्तीने आपल्या मनावर असा अंमल बसवला आहे की, ज्या दगडावर नखाचा ओरखडा उमटतो त्यालाही शिल्पाचा दगड म्हणावे, हे जाणकारांनाही काहीसे कमीपणाचे वाटते. मी मात्र सारी हयात त्याच दगडाच्या, शंखजिऱ्याच्या, संगतीत काढली. पाटे-वरवंटे घडवणे आणि जात्यांना टाकी लावणे हा आमचा घरचा धंदा. तेव्हा मुलाने हा साबणासारखा दगड जवळ करावा, हे वडिलांना अखेरपर्यंत रुचले नाही. "जो घाव सोसत नाही, तो दगड कसला?" असे ते म्हणत.

घाव तो सोसत नाही, हे खरेच. काठिण्याच्या मोजपट्टीवर शंखजिऱ्याचे शुद्ध खनिज अगदी तळाला, म्हणजे 1 या आकड्यावर असते. कोरण्याजोग्या दगडात इतर खनिजांची भर पडलेली असते म्हणून त्याला हिरवट झाक आणि थोडा कणखरपणा येतो. असा धोंडा आला की मी तो आधी हातोडीने हलकेच ठोकून ऐकतो: खणखणीत नाद निघाला तर दगड एकजीव, बद्द आवाज आला तर आत कोठेतरी तड. मग पाणी मारून तो उन्हात ठेवायचा. बाकीचे अंग वाळून राखाडी झाल्यावरही केसाएवढी जी रेघ काळी, ओली राहते, तीच ती तड. त्यानंतर थराची दिशा पाहायची, कारण नाकाशी थर आडवा आला तर महिन्याच्या श्रमांनंतर नाकाचा शेंडा ढलपीसारखा सुटून हातात येतो. पुढचे काम करवतीचे, कानशीचे आणि चक्क सुताराच्या पटाशीचे. आणि शेवटी पाण्याखाली घासून, किंचित ऊब देऊन तेल लावले की, आतापर्यंत पिठासारखा पांढुरका दिसणारा तो दगड पाहता पाहता गर्द हिरवा-काळा होतो.

या दगडाची खरी थोरवी पाहायची तर कर्नाटकच्या मुलखात गेले पाहिजे. बदामी-ऐहोळे-पट्टदकलच्या कारागिरांनी वालुकाश्म वापरला. अकराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या अमदानीत लक्कुंडीच्या परिसरातील मंदिरे या मृदू पाषाणात उभी राहू लागली, धोंडे लहान आणि नक्षी बारीक झाली, आणि 1112 मध्ये इटगीचे महादेव मंदिर व अवघ्या पाच वर्षांनी, 1117 मध्ये, होयसळ विष्णुवर्धनाचे बेलूरचे चेन्नकेशव मंदिर अशी परंपरा चढत गेली. खाणीतून निघताना मऊ असलेला आणि हवेत राहून टणक होणारा हा दगड त्या कारागिरांनी चंदनासारखा कोरला. बेलूरच्या मदनिकांचे अलंकार अंगापासून असे सुटे काढले आहेत की, मधून उजेड आत शिरतो. कारागिरांची नावे आपल्या दप्तरांत क्वचितच सापडतात, पण येथे बळ्ळिगावेचा दासोज आणि त्याचा पुत्र चावण यांनी आपली नावे दगडावरच नोंदवून ठेवली आहेत, आणि सोमनाथपूरला मल्लितम्मानेही तेच केले.

आणि तरीही, हळेबीडच्या होयसळेश्वराच्या भिंतीसमोर उभा राहिलो की मला दरवेळी गुदमरल्यासारखे होते, हे सांगितलेच पाहिजे. हत्ती, घोडेस्वार, वेलबुट्टी, पुराणकथा, देवदेवता यांच्या थरांमागून थर. डोळ्याला टेकायला वीतभर मोकळी जागा नाही. उलट आमच्या शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरला कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात काळ्या दगडाचे खांब नुसत्या आकाराच्या आणि झिलईच्या बळावर उभे आहेत. मला वाटते, याचे कारण कलावंतांच्या अभिरुचीइतकेच दगडाच्या स्वभावात आहे: काळा पाषाण प्रत्येक रेषेची किंमत घामाच्या रूपाने वसूल करतो, त्यामुळे अनावश्यक रेषा काढण्याची कोणाची छाती होत नाही, शंखजिरे मात्र कशालाच नकार देत नाही, सांगाल ते ऐकते, आणि म्हणून कोठे थांबायचे याचा सारा भार शिल्पकाराच्या मनगटावर येऊन पडतो. वडिलांना मी हे कधी पटवू शकलो नाही. त्यांच्या मते आवरते घेणे हे दगडाचे काम, माणसाचे नव्हे. आणि दासोजाच्या हातासारखा हात दुर्मीळ आहे हे ध्यानी घेता, त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही.

हल्ली शिकायला येणारी मुले विजेचे कटर घेऊन येतात. ओबडधोबड भाग उडवण्यापुरते मी ते चालू देतो, मुखावर मात्र नाही. कारण त्या वेगात दगडाचा नकार तर नाहीच, स्वतःचा संशयही ऐकू येत नाही. दुसरी तक्रार धुळीची. या दगडाच्या काही जातींत ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू असतात, तेव्हा काम ओले करूनच करायचे, नाक-तोंड झाकायचे आणि जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, हा माझ्या कारखान्यातला कायमचा हुकूम आहे. मुलांना तो जाचतो, पण त्यात सवलत मी कोणालाच दिलेली नाही.