जर्मनचं पातेलं

प्रताप नगर, जयपूर

प्रिय सुमे,

तू तिकडे लायपझिगला बसून जर्मन शिकतेस आणि इथे मला बाजारात जर्मन मिळेना! दूध तापवायला पातेलं हवं होतं. भांडीवाल्याला म्हटलं, "जर्मन का दिखाइए." तो माझ्याकडे बघतच राहिला. बोटाने दाखवलं तेव्हा म्हणाला, "अच्छा, सिल्वर का भगोना!" अल्युमिनियमला इकडे 'सिल्वर' म्हणतात गं. आपल्या आज्या त्यालाच 'जर्मन' नाहीतर 'जर्मल' म्हणायच्या. भांडं मात्र ना जर्मन, ना चांदीचं.

मला वाटतं, हे दोन्ही शब्द एकाच जोडीतून फुटलेत. 'जर्मन सिल्वर' म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. चांदी त्यात औषधालाही नाही. चिनी लोक तो आधीपासून करत, त्यांचं 'पांढरं तांबं'. 1823 च्या सुमारास जर्मन कारागिरांनी त्याची नक्कल साधली आणि इंग्रजांनी तो जर्मनांच्या नावावर चढवला. तुमच्याकडे त्याला 'नॉयझिल्बर' म्हणतात ना, नवी चांदी? पुढे 1898 मध्ये मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टनने अल्युमिनियमची भांडी करायला घेतली. ही नवी पांढरी, स्वस्त भांडी घरोघर गेली, तेव्हा जुनंच नाव त्यांना चिकटलं असणार. आपण जोडीतलं विशेषण उचललं, इकडच्यांनी नाम.

बरं, 'जर्मन' हे विशेषण तरी जर्मनांचं कुठे आहे? ऱ्हाइनपलीकडच्या टोळ्यांना 'गेर्मानी' म्हणणारे रोमन. सीझरने ते लिहून ठेवलं. फ्रेंचांनी एका आलेमानी टोळीवरून अख्ख्या देशाला नाव दिलं. पोलिश लोकांचा शब्द तर 'मुका' या अर्थाशी जोडतात, कारण यांचं बोलणं त्यांना कळेना! नावं ठेवायला सगळे शेजारी पुढे. जर्मन स्वतःला म्हणवतात 'डॉइच', म्हणजे मुळात 'लोकांचं'. इ.स. 786 च्या एका लॅटिन पत्रात या शब्दाचं लॅटिन रूप येतं, तेही लोकभाषेसाठी. लॅटिन पंडितांची, ही साध्या माणसांची. आपल्याकडे संस्कृतापुढे प्राकृत होती तशी. आधी भाषेला नाव मिळालं, मग माणसांना, देशाला सगळ्यात शेवटी.

तेव्हा तुझ्या वर्गात कुणी 'जर्मन' शब्दाचा अर्थ विचारला, तर पातेलं हाही एक अर्थ सांग. आणि तुझ्या आईला विचारून कळव, तुमच्या कोकणात 'जर्मन' म्हणतात की 'जर्मल'? आम्ही वऱ्हाडातले 'जर्मन'वाले.

तुझी,
मंदा