साराजेव्होतला रविवार

२८ जून १९१४. ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनंड आणि सोफी साराजेव्होत उघड्या मोटारीत शेजारी शेजारी बसले होते. व्हिएन्नाच्या दरबारी समारंभांत हे अशक्य होते. सोफी उमराव घराण्यातली, राजकुळातली नव्हे. अपत्यांना सिंहासनावर हक्क नसेल, अशी शपथ त्याने १९०० साली, याच तारखेला घेतली, तेव्हा कुठे विवाहाला संमती मिळाली. बॉस्नियात मात्र तो लष्करी अधिकारी या नात्याने आला होता. तेथे तिला हा मान मिळाला.

सकाळचा बॉम्ब चुकला. नंतर चालक चुकीच्या रस्त्याला वळला आणि प्रिन्सिपच्या गोळ्यांनी दोघेही गेले. पाठ्यपुस्तके येथून थेट महायुद्धाकडे धावतात. व्हिएन्नात सोफीची शवपेटी पतीच्या पेटीहून खाली ठेवली गेली. हॅब्सबर्गांच्या दफनघरात तिला जागा नव्हतीच. म्हणून फ्रान्झने आर्टश्टेटनला दोघांसाठी आधीच वेगळे दफनघर बांधून ठेवले होते.