बाजाराची नाडी
आमच्या भाच्याने मेतकुटाचा धंदा काढायचे ठरवले. भांडवल अर्थात ताईच्या फंडाचे! ‘मामा, आधी बाजारपाहणी हवी,’ म्हणून तो सल्लागाराकडे गेला. फी 40 हजार. म्हणजे मेतकूट कोण खाते हे कळेपर्यंत ताईच्या घरचा भात बंद.

अहो, सरकार हे फुकट सांगते! 2011च्या जनगणनेत गावागणिक, वॉर्डागणिक घरे मोजलेली आहेत. 2023-24च्या घरखर्च पाहणीत देशातल्या शहरी माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च आहे 6,996 रुपये, खेड्यातल्याचा 4,122. पाकीट 100 ग्रॅमचे खपेल की पाव किलोचे, ते वाणी सांगतो. आणि कुठल्या घरातून कसल्या रिकाम्या बरण्या निघतात, हे रद्दीवाल्याला तोंडपाठ. तो फी तर घेत नाहीच, वर रद्दीचे पैसे देतो!